चवथीचे मोदक समुद्रमार्गे पाठवण्यापूर्वी

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. आमचा गोव्यातील डिचोली तालुक्यातील अकरा महिलांचा स्वयंसहाय्य गट आहे. गेली सहा वर्षे आम्ही उकडीचे मोदक, हळदीच्या पानात वाफवलेल्या पातोळ्या, खवलेला नारळ आणि फणसाचे गरे गोठवून म्हापसा व पणजी येथील दुकानांना पुरवतो. सगळे मिळून दिवसाला साधारण १०० किलो माल निघतो. माझ्या नणंदेचा मुलगा इंग्लंडमध्ये स्विंडन येथे दुकान चालवतो. यंदाच्या चवथीसाठी, म्हणजे गणेश चतुर्थीसाठी, त्याने चाळीस फुटी शीत कंटेनर भरून माल मागितला आहे आणि उरलेल्या जागेत मानकुराद आंबे व सुंगटेही (कोळंबी) पाठवा, असे तो म्हणतो. मालवाहतूक एजंटाचे म्हणणे असे की कंटेनर उणे १८ अंशांवर चालतो, माल आत ठेवला की तो आपोआप गोठतो, वेगळे काही करावे लागत नाही. गेल्या वर्षी एका व्यापाऱ्यामार्फत नमुना म्हणून ४० किलो मोदक पाठवले होते. ते पोहोचले तेव्हा पाकिटांत बर्फाचा चुरा साचला होता आणि पुष्कळ मोदक तडकले होते. गटातील चौघीजणी दागिने तारण ठेवायला तयार आहेत. हे पाऊल आम्ही उचलावे का?
— एक भगिनी, डिचोली

उत्तर

भगिनी, सप्रेम नमस्कार. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, म्हणजे पुढचे सगळे निवांतपणे वाचता येईल. यंदा पूर्ण कंटेनर घेऊ नका आणि त्यासाठी कोणाचाही दागिना तारण ठेवू नका. परंतु माल परदेशी पाठवण्याचा विचार सोडून द्या, असे मी मुळीच म्हणत नाही. तुमच्या मालाला तिकडे गिऱ्हाईक आहे, तुमच्या हाताला सहा वर्षांची सवय आहे आणि माणूस घरचा आहे. पैसा कोठे घालायचा आणि कोणत्या क्रमाने, एवढेच ठरवायचे आहे.

तुमच्या एजंटाने जे सांगितले ते चूक आहे, आणि या धंद्यात नव्याने येणाऱ्यांचे सर्वाधिक नुकसान याच एका समजुतीने होते. शीत कंटेनर माल गोठवण्यासाठी बनवलेला नसतो. गोठलेला माल गोठलेलाच राहावा यासाठी तो बनवलेला असतो. त्याच्या पुढच्या भिंतीतील यंत्राची ताकद एवढीच असते की भिंती, छत आणि दार यांतून बाहेरची जी उष्णता आत शिरते, ती त्याने सतत बाहेर काढावी. यंत्रातून आलेली थंड हवा जमिनीवरच्या इंग्रजी टी आकाराच्या ॲल्युमिनियम पट्ट्यांमधील फटींतून दारापर्यंत जाते, मालाच्या कडेने वर चढते आणि छताखालून यंत्राकडे परत येते. खोकी आत जातानाच उणे १८ अंशांची असतील तर ही हवा त्यांच्याभोवती गोधडीसारखी फिरत राहते आणि माल सुरक्षित राहतो. खोकी उणे ८ अंशांची असतील तर बाहेरच्या रांगा काही दिवसांत थंड होतात, पण मधल्या खोक्यांची उष्णता बाहेर यायला आठवडे लागू शकतात, आणि तेवढ्या काळात आतील मालाची चव व पोत बिघडून जातो. बाहेरच्या आकड्यावर मात्र सारा प्रवास उणे १८ असेच दिसत राहते, कारण तो आकडा हवेचा असतो, मोदकाच्या पोटातला नसतो.

हवेच्या वाटेचे महत्त्व किती जुने आहे पाहा. १८८२ साली ‘डनीडिन’ नावाचे शिडाचे जहाज न्यूझीलंडमधील पोर्ट चाल्मर्स बंदरातून सुमारे ५,००० गोठवलेली मेंढरे-कोकरे घेऊन लंडनला निघाले. जहाजावर थंडी करणारे यंत्र होते, पण उष्ण कटिबंधात शिरल्यावर थंड हवा सर्वत्र नीट पोहोचत नसल्याचे खलाशांच्या ध्यानात आले. तेव्हा कप्तान जॉन व्हिटसन स्वतः आत सरपटत गेले आणि हवेसाठी जादा भोके करवतीने पाडली. ते थंडीने इतके गारठले की दोरीने ओढून त्यांना बाहेर काढावे लागले. ९८ दिवसांच्या त्या प्रवासात मांसाचा एकच नग टाकून द्यावा लागला. आजच्या कंटेनरात कोणाला सरपटत जावे लागत नाही, कारण हवेची वाट आधीच आखलेली असते; ती न बुजवणे एवढेच आपल्या हाती उरले आहे. म्हणून आतल्या भिंतीवरील तांबड्या रेषेच्या वर एकही खोके चढवू नये, दाराजवळ टी पट्ट्या संपतात त्यापुढे माल नेऊ नये आणि गोठलेल्या मालाची खोकी मध्ये फट न ठेवता एकमेकांना चिकटवून लावावीत. ताज्या फळांच्या बाबतीत नेमके उलट करावे लागते, त्याविषयी पुढे लिहितो.

आता तुमच्या तडकलेल्या मोदकांकडे येऊ, कारण खरे उत्तर तेथेच दडलेले आहे. तो दोष व्यापाऱ्याचा असेलही, पण तुम्ही मोदक कसे गोठवता याची चौकशी मी प्रथम करीन. पत्रावरून वाटते की तुमच्याकडे दुकानात असतात तसे, वरून झाकण असलेले डीप फ्रीजर आहेत. तो फ्रीजर म्हणजे कंटेनरचाच धाकटा भाऊ आहे. गोठलेले आइस्क्रीम तो राखतो. वाफाळत्या पातेल्यातून काढून थोडे निवलेले ३० किलो मोदक एकावर एक रचून त्यात ठेवले, तर त्यांना पुरते गोठायला रात्र संपून दुसरा दिवस उजाडतो. अन्नातील बहुतेक पाण्याचा बर्फ साधारण उणे १ ते उणे ५ अंशांच्या टप्प्यात होतो. हा टप्पा झटपट ओलांडला तर बर्फाचे कण बारीक राहतात, रेंगाळत ओलांडला तर कण मोठे होतात आणि पदार्थाची घडण फोडतात. शिवाय शिजलेल्या तांदळाच्या पिठाची एक खोड आहे. शून्याच्या जरा वरच्या थंडीत ते सर्वांत लवकर शिळे पडते, आपल्यातले पाणी सोडते आणि कडक, ठिसूळ होते. फ्रिजमध्ये ठेवलेला भात दुसऱ्या दिवशी टोचरा लागतो, त्याचे कारण हेच. तुमची उकड त्या पट्ट्यात तासन्‌तास राहिली, ठिसूळ झाली, आणि पुढे खोक्याला बसलेल्या प्रत्येक हादऱ्याने कळ्यांच्या खाचांतून तडकली. पाकिटातील बर्फाचा चुरा म्हणजे मोदकाच्याच अंगातले पाणी होय. माल कोमट असताना पाकीट बंद केले असेल तर त्यात वाफ होतीच, आणि वाटेत थंडी वर-खाली झाली असेल तर मोदकातील ओलावा उडून पाकिटाच्या आतल्या बाजूला जमला असेल.

यावर उपाय ब्लास्ट फ्रीजरचा आहे. त्यात उणे ३५ ते उणे ४० अंशांची हवा जोराने ट्रेवरून वाहते आणि एका थरात मांडलेला मोदक तासा-दोन तासांच्या हिशोबात गोठतो. गटाने पहिला रुपया येथे घालावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तोही लगेच यंत्र विकत घेण्यासाठी घालू नका. ज्यांच्याकडे असे यंत्र आहे आणि जे शाकाहारी माल वेगळा ठेवतात, अशा कारखान्यात काही दिवस मोबदला देऊन आपला माल गोठवून घ्या, आणि त्याची तुलना तुमच्या फ्रीजरमधल्या मालाशी करा. दोन्हींतील दहा-दहा मोदक महिनाभर ठेवून मग वाफवून खा. खूण करून अकरा जणींना चाखायला द्या, पण कोणता कोठला ते सांगू नका. ही परीक्षा तुमच्या स्वयंपाकघरात होते आणि तिला खर्च जवळजवळ काहीच येत नाही. यंत्र घ्यायचेच ठरले, तर सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, असे अनुदान ठेवलेले होते. सध्या अर्ज घेतले जात आहेत का, याची चौकशी तुमच्या बँकेत करून घ्या.

टोकदार दांडीचा डिजिटल थर्मामीटरही आजच घ्या. तो पाकिटावर टेकवून उपयोग नाही. खोक्याच्या मधोमध असलेली दोन पाकिटे घ्या, त्यांच्यामध्ये दांडी घट्ट दाबून ठेवा, आकडा थांबेपर्यंत वाट पाहा आणि तो तारखेसह वहीत लिहा. एखादा मोदक फोडून त्याच्या पोटातला आकडाही अधूनमधून घेत जा. दारातून बाहेर पडणारे प्रत्येक खोके आतून उणे १८ किंवा त्याहून थंड आहे, हे दाखवणारी ही वही पुढे विमा कंपनीपुढे तुमची बाजू मांडील.

आता कंटेनरच्या आकाराचा हिशोब करू. चाळीस फुटी उंच शीत कंटेनरात आतून सुमारे ६७ घनमीटर जागा असते, वीस फुटीत सुमारे २८. तांबड्या रेषेखालची वापरता येणारी जागा धरली आणि मोदक, नारळ, गरे यांच्या मिश्र मालाचे वजन घनमीटरला ३०० किलो मानले, तर मोठ्या कंटेनरात अंदाजे १७ टन आणि लहानात साडेसहा टन माल बसेल. दिवसाला १०० किलो या तुमच्या गतीने मोठा कंटेनर भरायला १७० दिवस लागतील, आणि तेही म्हापसा-पणजीच्या दुकानांना एकही पाकीट न देता. तेवढे दिवस तो माल उणे १८ अंशांवर ठेवण्याची जागा भाड्याने घ्यावी लागेल, ते वेगळेच. अर्धा रिकामा कंटेनर पाठवला तर भाडे पूर्ण कंटेनरचेच बसते. लहान कंटेनरचे भाडे मोठ्याच्या निम्मे नसते, हेही लक्षात असू द्या. शिवाय शीत कंटेनरांत वीस फुटी मागाल तेव्हा मिळेलच, असे नसते.

भाच्याच्या सूचनेतील मानकुराद आणि सुंगटे ही दोन्ही नावे यादीतून काढा. कंटेनरात एका वेळी एकच तापमान असते. पिकायच्या आंब्याला १२ ते १३ अंश लागतात; त्याहून फार कमी तापमानात साल काळवंडते आणि गर नीट पिकत नाही. झाडावरून उतरवला तरी आंबा श्वास घेतच असतो, उष्णता सोडत असतो, म्हणून त्याच्या खोक्यांना भोके ठेवून हवा मालाच्या आतून जाऊ द्यावी लागते आणि ताज्या हवेची झडप उघडी ठेवावी लागते. गोठलेल्या मालासाठी तीच झडप बंद हवी. मानकुराद, ज्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तो ताजा पाठवायचा तर विमानानेच जावा, आणि त्यासाठी वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र हवे. २०१४ मध्ये फळमाशी सापडल्यावरून युरोपीय संघाने भारतीय आंबा अडवला होता. ती बंदी पुढच्या वर्षी उठली खरी, पण एवढ्या मोठ्या बाजारात जे घडले ते एका लहान गटाने ध्यानात ठेवावे. मानकुरादाच्या फोडी किंवा रस गोठवून पाठवणे तुमच्या आवाक्यातले आहे.

सुंगट्यांचा मार्ग तर पूर्णपणे वेगळा आहे. सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाकडे नोंदणी, निर्यात निरीक्षण परिषदेची मान्यता असलेला कारखाना आणि प्रत्येक खेपेसोबत आरोग्य प्रमाणपत्र, एवढे झाल्याशिवाय ब्रिटनमध्ये कोळंबीचे खोके उतरत नाही. शिवाय १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, म्हणजे तुमचा माल भरण्याच्या काळातच मालिम आणि कुटबण या जेटींवर ताजी आवक नसेल. घरच्या ओट्यावर सोललेली सुंगटे मोदकांच्या कंटेनरात घालण्याचा मोह एका खेपेत सगळाच माल अडकवू शकतो.

याच ओघात तुपाविषयी सांगतो. उकडीला किंवा सारणाला तूप लावत असाल, तर परदेशी पाठवायच्या मालात ते थांबवा आणि हाताला खोबरेल तेल लावा. दुग्धजन्य घटक आला की तो पदार्थ प्राणिज मालाच्या कडक नियमांखाली जातो. मोदकावर तुपाची धार खाणारा आपल्या ताटात घेतोच. ब्रिटनच्या वेष्टनावर १४ ॲलर्जीकारक घटकांपैकी जो असेल तो घटकांच्या यादीत ठळक छापावा लागतो. नारळ त्या चौदात नाही, पण सारणात काजू घालत असाल तर काजू आहे, आणि तीळही आहेत. आयात करणाऱ्याचा तेथील पत्ता, ‘उणे १८ अंशांवर ठेवावे’ ही सूचना, वाफवण्याची रीत आणि ‘एकदा वितळल्यावर पुन्हा गोठवू नये’ हे वाक्य इंग्रजीत असले पाहिजे. मजकूर भाच्याकडून तपासून घेतल्याखेरीज वेष्टन छापू नका. आयात-निर्यात कोड, एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना आणि अपेडाची (शेतमाल निर्यात विकास प्राधिकरणाची) नोंदणी ही कागदपत्रे काढून ठेवा. त्यांना वेळ लागतो, पण ती अवघड नाहीत. माल लाकडी पॅलेटवर जाणार असेल, तर त्या पॅलेटवर उष्णता-प्रक्रियेचा आंतरराष्ट्रीय शिक्का आहे, हे पाहून घ्या.

आता रस्त्याविषयी लिहितो, कारण माझ्या अनुभवात समुद्रापेक्षा रस्त्यावरच अधिक माल बिघडतो. मुरगाव बंदर आपल्या दारात असले तरी ते मुख्यतः खनिज आणि कोळसा यांचे बंदर म्हणून ओळखले जाते. गोव्यातून जाणारा शीत कंटेनर बहुतेक वेळा न्हावा शेवा, म्हणजे जवाहरलाल नेहरू बंदरातूनच जहाजावर चढतो. रिकामा कंटेनर तेथून डिचोलीला आणायचा, भरून पुन्हा राष्ट्रीय महामार्ग ६६ वरून घाट ओलांडत परत न्यायचा, तोही पावसाळ्यात. रस्त्यावर कंटेनरला वीज देण्यासाठी ट्रेलरवर डिझेल जनरेटर लागतो. मी या कामात होतो तेव्हाची एक खेप अजून डोळ्यांसमोर आहे. बंदराच्या आवारात पोहोचलेल्या कंटेनरचा आकडा चोख उणे १८ दाखवत होता. दार उघडले तेव्हा म्हाकुळांच्या (स्क्विडच्या) खोक्यांचे दाराकडचे तळ फुगून खाली लोंबत होते, पुठ्ठा ओला होऊन पुन्हा कडक झाला होता आणि टी पट्ट्यांच्या फटींत बोटभर जाडीचा मळकट बर्फ बसला होता. यंत्राची नोंद काढली तेव्हा रात्री साडेअकरापासून पहाटे साडेसहापर्यंत काहीच नोंद नव्हती. डिझेल वाचवण्यासाठी जनरेटर बंद ठेवून गाडी धाब्यावर उभी राहिली होती. पोहोचल्यावर यंत्राने हवा पुन्हा थंड केली, पण वितळलेले पाणी खोक्यांत परत भरता येत नाही. तो मालक माझ्याच गावचा होता. आकड्यावर विसंबून मीच त्याला फोनवर ‘माल ठीक आहे’ असे आधी कळवले होते, याचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून यंदा कंटेनर डिचोलीला बोलावूच नका. तुमचा माल शीतवाहनातून नवी मुंबईच्या शीतगृहात जावा आणि तेथे कंटेनरात चढावा, हे तुमच्यासाठी अधिक स्वस्त आणि अधिक सुरक्षित ठरेल. प्रत्येक खेपेत तापमान नोंदवणारी दोन-तीन छोटी यंत्रे आपली स्वतःची घाला. त्यांतले एक दाराकडच्या वरच्या खोक्यात ठेवा, कारण कंटेनरातील सर्वांत उबदार कोपरा बहुधा तोच असतो. पुढेमागे तुमच्या दारात कंटेनर आलाच, तर तो आधीपासून थंड करून ठेवू नका, आणि माल भरताना यंत्र बंद ठेवा. पावसाळी दमट हवा थंड कंटेनरात शिरली की तिच्यातील पाणी यंत्राच्या नळ्यांवर बर्फ होऊन बसते आणि हवेची वाट अडते. शीतगृहाचे दार कंटेनरला घट्ट भिडत असेल तेथेच आधी थंड करणे योग्य असते. बुकिंगच्या कागदावर तापमानाचे चिन्ह स्वतः वाचा. उणे हे चिन्ह सुटून नुसते १८ छापले गेले, तर यंत्र निमूटपणे अधिक १८ अंश राखील. फॅरनहाइटचा शून्य म्हणजे सेल्सिअसचा जवळपास उणे १८ होय, म्हणून एकक कोणते तेही पाहा.

विम्याविषयी एजंटाने तुम्हाला काही सांगितलेले दिसत नाही. गोठलेल्या अन्नासाठी जी प्रचलित विमा कलमे आहेत, त्यांत तापमान बदलल्यामुळे झालेले नुकसान सरसकट भरून मिळत नाही. शीतयंत्र बिघडून सलग २४ तास तरी बंद पडले तर मिळते, किंवा आग, टक्कर, वाहन उलटणे असे काही घडले तर मिळते. वर सांगितलेला सात तासांचा खंड त्यात बसत नाही. विलंबामुळे झालेले नुकसानही वगळलेले असते. म्हणून विमा घ्यावा तो शीतगृहापासून शीतगृहापर्यंतचा, आणि कलमे मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नये. जहाज कंपनीची जबाबदारी सांगितलेल्या तापमानाची हवा पुरवण्याची असते. माल आत जातानाच कोमट होता असे निघाले, तर तुमच्या तक्रारीला आधार उरत नाही. वहीचे महत्त्व मी वर सांगितले ते यासाठी.

भाचा घरचा आहे, तरीही करार लेखी असावा. माल जहाजावर चढल्यानंतर जोखीम कोणाची, तिकडच्या बंदरात कंटेनर अडकला तर विजेचे व थांबण्याचे रोजचे शुल्क कोणी भरायचे, तडकलेले मोदक किती टक्क्यांपर्यंत मान्य, हे सगळे त्यात लिहा. निम्मी रक्कम माल निघण्यापूर्वी मागा. एका बिघडलेल्या खेपेमुळे दोन घरांचे जाणे-येणे थांबलेले मी पाहिले आहे, आणि त्या दोन्ही घरांत माणसे चांगली होती.

तर यंदा काय करावे? शीतमाल नियमित पाठवणाऱ्या एखाद्या व्यापारी निर्यातदाराच्या कंटेनरात तुमचा ४०० ते ५०० किलो माल जाऊ द्या. त्याचा इतर मालही उणे १८ अंशांचा आणि शाकाहारी असावा. नफा कमी मिळेल, पण तुमच्या गटाचे नाव स्विंडनच्या फडताळावर लागेल आणि तुमच्या नोंदणी यंत्रांतून साऱ्या वाटेचे तापमान तुम्हाला कळेल. वेळेचा हिशोब मात्र चवथीपासून मागे मोजत करा. दुकानात माल दोन आठवडे आधी हवा. न्हावा शेव्याहून ब्रिटनला सुएझमार्गे साधारण तीन ते चार आठवडे लागतात, पण २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि त्यात १० ते १४ दिवस वाढले. तुमचे जहाज कोणत्या मार्गाने जाणार, ते लेखी विचारून घ्या. बंदरातील तपासणी आणि अलीकडचा रस्ता यांना आणखी दोन आठवडे धरा. म्हणजे माल ज्येष्ठ संपण्याआधी तुमच्या दारातून निघाला पाहिजे. तुमचे पत्र चैत्रात आले, तेव्हा ५०० किलोंसाठी वेळ पुरेसा आहे. फणसाचा हंगामही हाच असल्याने काप्या फणसाचे गरे त्यात जरूर घाला.

पातोळ्या मात्र यंदा जाणार नाहीत, आणि त्याचे कारण तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. ज्येष्ठात हळदीला पाने कोठली? ती पुरती रुंद होतात श्रावणात, आणि तोवर चवथीचा माल समुद्रावर असतो. म्हणून यंदाच्या श्रावण-भाद्रपदात पुढच्या वर्षाची तयारी करा. कोवळी पण पूर्ण उघडलेली पाने निवडा, धुऊन कोरडी पुसा, जाड शीर थोडी तासून घ्या आणि काही पाने नुसती, काही पातोळ्यांसकट, ब्लास्ट फ्रीजरमध्ये गोठवून उणे १८ अंशांवर ठेवा. दर दोन महिन्यांनी एक पाकीट काढून वाफवा. झाकण उघडताच पानाचा वास येतो का, पातोळी पानापासून अखंड सुटते का, हे त्याच वहीत तापमानाशेजारी लिहून ठेवा, आणि पुढच्या चैत्रात त्या नोंदी मला कळवा.